झोपताना 150, उठल्यावर 280 : रात्रीचं इन्सुलिन वाढवायचं का?

दारव्हा तालुक्यातल्या एका वडिलांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा : मुलगी साडेपाच वर्षांची, वजन 17 किलो, दीड वर्षापासून टाइप 1 मधुमेह. सकाळी 6 युनिट आणि संध्याकाळी सात वाजता 4 युनिट मिश्र इन्सुलिन (30/70) देतात. पहिलं वर्ष बरं गेलं. गेल्या तीन महिन्यांपासून झोपताना शुगर 140-150 असते आणि सकाळी उठल्या-उठल्या 260 ते 300. चहा-टोस्ट झाला की दहा वाजता 380. आजी म्हणतात, पोरगी रात्री उठून गूळ खाते. जवळच्या डॉक्टरांनी संध्याकाळचा डोस 4 चा 6 करायला सांगितलाय. करू का?

भाऊ, आज रात्री नका करू. दोनच युनिट तर वाढवायचे, असं वाटतं. पण 4 चे 6 म्हणजे दीडपट डोस झाला. मोठ्या माणसाला दोन युनिटचं काही वाटत नाही, 17 किलोच्या लेकराला वाटतं. त्यातून हे इन्सुलिन सकाळची शुगर खाली आणण्याआधी मध्यरात्रीची खाली आणेल, आणि तेव्हा घरात सगळे झोपलेले असतील. डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांच्यापुढे तुम्ही दोनच आकडे ठेवले, रात्री नऊचा आणि सकाळी सहाचा. मधल्या नऊ तासांत काय झालं ते त्यांनाही दिसत नाही, मलाही नाही. ते आधी पाहू.

पहिल्यांदा आजींची शंका मिटवू, कारण अशा घरात पोरीवर चोरीचा आळ आला की ती पुढे खरंच लपवून खायला लागते. हे मी पंचवीस वर्षांत पुष्कळदा पाहिलंय. काहीही न खाता शुगर वाढते. आपलं यकृत, म्हणजे लिव्हर, साखरेची कोठी आहे. रात्रभर पोटात अन्न नसतं, तेव्हा मेंदूला आणि हृदयाला पुरावी म्हणून ही कोठी थोडी थोडी साखर रक्तात सोडत राहते. पहाटे तीन-चारपासून शरीर उठायच्या तयारीला लागतं, कॉर्टिसोलसारखे हार्मोन वाढतात आणि कोठीचं दार जरा जास्तच उघडतं. तुमच्या-माझ्या अंगातलं इन्सुलिन ते दार लगेच आवरून धरतं. तिच्या अंगात स्वतःचं इन्सुलिन नाही, बाहेरून दिलेलं तेवढंच आहे. ते त्या वेळी संपलेलं असेल तर शुगर चढणारच. लहान मुलांत वाढीचा हार्मोन झोपेच्या पहिल्या काही तासांत भरपूर सुटतो, म्हणून या वयात कधी कधी रात्री दहा-बारापासूनच शुगर चढायला लागते. तेव्हा आजींना सांगा, गुळाचा डबा आहे तिथेच राहू द्या. पोरगी निर्दोष आहे.

मग पहिलं वर्ष बरं का गेलं? निदान होऊन इन्सुलिन सुरू झालं की उरलंसुरलं स्वादुपिंड, जिथे इन्सुलिन तयार होतं ते, काही महिने पुन्हा थोडं काम करतं. त्याला आम्ही हनिमून म्हणतो. नाव विचित्र आहे, मला कधीच आवडलं नाही, पण तेच रूढ आहे. त्या काळात पहाटेची कमी स्वादुपिंड भरून काढत होतं. आता ते थकलं. तुमचं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही.

आता तुमच्या बाटलीकडे येऊ. 30/70 मध्ये 30 टक्के लवकर काम करणारं साधं इन्सुलिन आणि 70 टक्के एनपीएच, म्हणजे ते दुधाळ, सावकाश चालणारं. तुमच्या 4 युनिटमध्ये साधं सव्वा युनिटच्या आसपास आणि एनपीएच पावणेतीन. एनपीएचचा जोर टोचल्यापासून चार ते आठ तासांनी असतो. संध्याकाळी सातला दिलं तर रात्री अकरा ते पहाटे तीन. पहाटे चार-पाचला, जेव्हा कोठीचं दार उघडतं, तेव्हा हा गडी ड्यूटी संपवून घरी निघालेला असतो. डोस वाढवला तर तो मध्यरात्री जास्त जोरात काम करेल, पहाटे थोडासाच जास्त टिकेल. म्हणून किती द्यायचं याच्या आधी केव्हा द्यायचं हे ठरवावं लागतं.

पण हा सगळा माझा अंदाज आहे, आणि लेकराला अंदाजावर इन्सुलिन द्यायचं नसतं. म्हणून तीन रात्री जागा. लागोपाठ नको, आठवड्यात तीन. झोपताना, रात्री बारा, तीन आणि सकाळी सहा, असे चार वेळा बोट टोचायचं. रात्रीला चार पट्ट्या लागतात, त्यांचे पैसे लागतात, मला माहीत आहे. त्या आठवड्यात दुपारच्या दोन-चार तपासण्या कमी करा, पण रात्रीच्या सोडू नका. साध्या दिवसांच्या रात्री निवडा. तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर फिरून आलेली पोर त्या रात्री कसलाच नियम पाळत नाही. लग्नाच्या पंगतीचंही तसंच. त्या दिवशी ती किती खेळली, जेवण किती वाजता झालं, काय खाल्लं, इंजेक्शन कुठे टोचलं, हे त्याच ओळीत लिहा. परवडत असेल तर दंडावर लावायचा, शुगर मोजत राहणारा 14 दिवसांचा सेन्सर एकदा लावून घ्या, रात्रभराची पूर्ण रेघ दिसते. नसेल परवडत तर वही आणि गजराचं घड्याळ पुरतं. माझ्याकडे येणारी बहुतेक लेकरं वहीवरच मोठी झाली.

वहीत तीनपैकी एक चित्र दिसेल.

बारा आणि तीनला 120 ते 160 आणि सहाला 270, असं असेल तर मी वर सांगितलं तेच : पहाटेचे हार्मोन, आणि त्याच वेळी संपणारं इन्सुलिन. तुमच्याकडे बहुधा हेच निघेल. यावर उपाय म्हणजे एनपीएच उशिरा देणं. मिश्र बाटलीत ते जमत नाही, कारण दोन्ही इन्सुलिनं एकात एक बांधलेली असतात. जेवणाआधीचं द्यावं तर रात्रीचंही सोबत जातं. या वयाच्या मुलांना मिश्र इन्सुलिन मला आवडत नाही ते यासाठी. साधं आणि एनपीएच वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतं, ते फार महागही नाही. मग सकाळी दोन्ही, संध्याकाळी जेवणाआधी फक्त साधं, आणि झोपताना साडेनऊ-दहाला फक्त एनपीएच, अशी तीन इंजेक्शनं होतात. दहाला दिलेल्या एनपीएचचा जोर रात्री दोन ते सकाळी सहा येतो, हवा तिथे. जोर पहाटेकडे सरकला म्हणून सुरुवातीच्या रात्री तीनची तपासणी सोडायची नाही. दुसरी वाट म्हणजे ग्लार्जिनसारखं जवळपास दिवसभर सपाट चालणारं इन्सुलिन एकदा आणि प्रत्येक जेवणाआधी लवकर चालणारं. ते जास्त चांगलं, पण इंजेक्शनं जास्त आणि खर्चही जास्त. यातलं काय आणि किती, ते तुमच्या डॉक्टरांनी किंवा मेडिकल कॉलेजच्या बालरोग विभागानं वही पाहून ठरवायचं. यवतमाळ, सेवाग्राम, नागपूर, जिथे जाणं सोयीचं तिथे जा. मी इथे बसून युनिटचा आकडा देणार नाही.

दुसरं चित्र : बारालाच 230, तीनला 260, सहाला 280. मग दोष रात्रीच्या जेवणात किंवा त्याच्या डोसमध्ये शोधायचा. तिला सातला इंजेक्शन देऊन जेवायला नऊला बसवता का? वावरातून यायला उशीर होतो, स्वयंपाक मागे पडतो, हे कापूस वेचणीच्या दिवसांत हमखास होतं. साधं इन्सुलिन तोवर अर्धं वाहून गेलेलं असतं. किंवा झोपताना ‘शुगर कमी होऊ नये’ म्हणून पेलाभर दूध आणि वर बिस्किटं दिली जातात. झोपताना 150 असेल तर काही द्यायची गरज नाही. 100 च्या खाली असेल तर अर्धा कप बिनसाखरेचं दूध द्या.

तिसरं चित्र : तीनला 70 च्या खाली. असं निघालं तर डोस वाढवायचा प्रश्नच संपला, कमी करायचा आहे. सकाळी डॉक्टरांना फोन करा. आम्ही शिकत होतो तेव्हा सोमोजी नावाच्या शास्त्रज्ञाचा सिद्धांत पक्का पाठ करून घेत : रात्री शुगर पडली की शरीर प्रतिकार करतं आणि सकाळी ती उसळी मारते. 1930 च्या दशकातली ही कल्पना. आता सेन्सरच्या रेघा पाहिल्यावर दिसतं की असं क्वचित होतं. रात्री पडलेली शुगर सकाळी बहुधा कमीच राहते. मात्र दुसरी उसळी मी नेहमी पाहते. लेकरू रात्री घामेजून, थरथरत उठतं, शुगर 58. आई घाबरते आणि साखरपाणी, पेढा, दूध, केळं, सगळं भरवते. सकाळी 310. ती उसळी भीतीची असते. 17 किलोच्या मुलीला त्या वेळी एक चहाचा चमचा साखर, म्हणजे जवळपास 5 ग्रॅम, घोटभर पाण्यात विरघळवून पुरते. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचा. अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. वर आली की अर्धा कप दूध, आणि झोपू द्या. आणि एक : ती शुद्धीवर नसेल किंवा झटका आला असेल तर तोंडात काहीही ओतू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि त्याच क्षणी गाडी काढा. अशा वेळी लागणारं, शुगर झटकन वर आणणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन तालुक्याच्या मेडिकलमध्ये सहसा नसतं, तेव्हा रात्री गाडी कुणाची मिळेल हे आजच ठरवून ठेवा.

बोट टोचण्याआधी हात धुवायचे, हे सगळ्यांना माहीत असतं आणि रात्री तीनला कुणीच करत नाही. वरुडकडचा एक मुलगा माझ्याकडे होता, घरची संत्र्याची बाग. बहार उतरायच्या दिवसांत त्याची शुगर 400, 420 लिहून यायची, आणि पोरगा समोर उड्या मारतोय. मी त्याचा हात हातात घेतला तर बोटांना संत्र्याचा वास. साल सोलली की रस बोटाला राहतो, रक्ताच्या थेंबात मिसळतो, आणि यंत्र बिचारं तीही साखर मोजतं. नळाखाली हात धुवून पुसून पुन्हा टोचलं : 148. स्पिरिटचा बोळा फिरवून हे जात नाही, पाणीच लागतं. वर्षभर त्या घरानं असल्या आकड्यांवर इन्सुलिन वाढवलं नाही ते नशीब.

आता बाटली. शहरातले डॉक्टर हे विचारत नाहीत, त्यामुळे मी थोडी लांबण लावते. तुमची बाटली 10 मिलीची, 40 युनिट प्रति मिलीची असेल, तर तिच्यात 400 युनिट. तुम्ही दिवसाला 10 वापरता. म्हणजे बाटली चाळीस दिवस पुरते. पण उघडलेली बाटली महिनाभरच वापरायची. शेवटचे दहा दिवस तुम्ही तिला म्हातारं झालेलं इन्सुलिन टोचता आणि सकाळची शुगर का वाढली म्हणून वाटीभर पोह्यांना दोष देता. बाटली उघडली की बुचाशेजारी चिकटपट्टीवर तारीख लिहा. महिना झाला की उरलेलं टाका, जीव तुटतो, तरी टाका.

आपला मे महिना म्हणजे 45 अंश. टिनाच्या घरात, चुलीच्या भिंतीला, खिडकीतल्या कोनाड्यात इन्सुलिन महिनाभर काय, आठवडाही धड राहत नाही. फ्रीज असेल तर मधल्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून नको, एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी निकामीच. फ्रीज नसेल, किंवा भारनियमनात फ्रीज आठ तास बंद असेल, तर दोन मडकी घ्या : मोठ्या मडक्यात रेती, रेतीत लहान मडकं, रेतीवर सकाळ-संध्याकाळ पाणी. बाटली झाकणाच्या डब्यात घालून आतल्या मडक्यात, वरून ओलं फडकं. सावलीत, वारा लागेल तिथे. माठातलं पाणी जसं गार राहतं तसंच हे. पावसाळ्यात दमट हवेत मडकं तितकं गार होत नाही, पण तेव्हा उन्हाळ्याएवढी गरजही नसते.

मिश्र इन्सुलिन उभं ठेवलं की दुधाळ भाग खाली बसतो. न मिसळता ओढलंत तर आज नुसतं पाणी जातं, उद्या नुसती साय. रोज वेगळा डोस. दोन्ही तळहातांत आडवी धरून, रवी फिरवतो तशी पण सावकाश, वीसेक वेळा फिरवा. खुळखुळा हलवल्यासारखी हलवू नका, फेस येतो. माझ्याकडे नवीन कुटुंब आलं की मी त्यांना बोलायला लावत नाही, बाटली हातात देऊन ‘घरी करता तसं करून दाखवा’ म्हणते. अर्ध्या अडचणी तिथेच दिसतात. साधं आणि एनपीएच वेगळं आलं की एका सिरिंजमध्ये भरताना आधी स्वच्छ, मग दुधाळ, हा क्रम कधी उलटू नका.

सिरिंजचं टोपण पाहा. 40 च्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, 100 च्या बाटलीला नारिंगी. लालऐवजी चुकून नारिंगी मिळाली आणि तिच्यात 4 च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात 4 नाही, 1.6 युनिट जातं. उलट झालं तर अडीचपट जातं, ते जिवावरचं. मेडिकलवाला घाईत असतो. टोपण पाहणं तुमचं काम. उद्या ग्लार्जिन लिहून मिळालं तर बाटलीवर 40 आहे की 100, हे आधी वाचा.

तिच्या मांडीवर आणि पोटावर हात फिरवून पाहा. एकाच जागी टोचत राहिलं की तिथे मऊ गाठ येते, आणि तिथे दुखत नाही म्हणून पोरं तीच जागा पुढे करतात. गाठीतून इन्सुलिन नीट शोषलं जात नाही. गाठ असेल तर ती जागा काही महिने सोडून द्या. नव्या जागेवर तोच डोस जास्त लागू पडेल, तेव्हा पहिले काही दिवस जास्त वेळा तपासा.

राहिला नाश्ता. सकाळी आधीच 280, त्यावर चहात दोन चमचे साखर आणि तीन टोस्ट, तर 380 होणारच. पण रिकामी वाटी हा उपाय नाही, ती वाढणारी पोर आहे. पहिला बदल वेळेचा. तुम्ही टोचता आणि लगेच चहा देता. साध्या इन्सुलिनला काम सुरू करायला अर्धा तास लागतो, टोस्टला दहा मिनिटं पुरतात. एका आईनं यावर फार छान तोड काढली होती : उठल्यावर शुगर, मग इंजेक्शन, मग आंघोळ आणि दोन घट्ट वेण्या, मग नाश्ता. वेण्या झाल्या म्हणजे अर्धा तास झाला. उठल्यावर शुगर 100 च्या आत असेल त्या दिवशी मात्र एवढं थांबू नका; आणि 70 च्या खाली असेल तर आधी साखर, इंजेक्शन नंतर.

दुसरा बदल ताटातला. 50 ग्रॅम कोरड्या पोह्यांत 38 ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं, ते भराभर साखर होतं. पोहे बंद नका करू; पोहे निम्मे, आणि त्यात शेंगदाणे, वाटाणे, वर सांबार म्हणजे कोथिंबीर, सोबत एक उकडलेलं अंडं. अंडं आधी खाऊ द्या, पोहे मागून. किंवा मुगाचं धिरडं. किंवा ज्वारीची अर्धी भाकरी आणि घट्ट पिठलं. आपल्या घरात हे सकाळी असतंच, फक्त लेकराला ‘शहरी’ म्हणून टोस्ट दिला जातो. मैद्याचं ‘शुगर फ्री’ बिस्किटही मैद्याचंच असतं, त्यावर पैसे घालू नका. चहा द्यायचाच तर बिनसाखरेचा, आणि ती नाही म्हणाली तर दूध. रोज नाश्त्याचं प्रमाण साधारण सारखं ठेवा, नाहीतर मी काय, कुणीच डोस बसवू शकत नाही.

कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, कुणी दिलेली पुडी : यातलं काहीही देऊन इन्सुलिन बंद करायचं नाही, एक दिवसही नाही. टाइप 1 मध्ये त्याला पर्याय नाही. 1922 च्या आधी ही लेकरं वाचतच नव्हती. कुणाचा जावई मधुमेहाच्या गोळ्या खातो, तो आजार वेगळा, टाइप 2.

सकाळचं ध्येय काय, तर उपाशीपोटी 70 ते 144, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तुम्ही 280 वर आहात, तिथून एकदम 100 वर उडी नको. पहिल्या महिन्यात 180 च्या आत आलं आणि रात्री एकदाही 70 च्या खाली गेलं नाही, तर मी खूश होईन.

थांबायचं कुठे नाही तेही लिहून ठेवा. शुगर 250 च्या वर आणि सोबत उलटी, पोटदुखी, खोल जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास किंवा पेंग, यातलं काहीही असेल तर वही नाही, गजर नाही, थेट मोठा दवाखाना. इन्सुलिन कमी पडलं की अंगात कीटोन नावाचं आम्ल साठतं; लघवीतले कीटोन पाहायच्या पट्ट्यांची एक डबी घरात ठेवा. आजारपणात ती खात नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. उलट तेव्हा दर तीन-चार तासांनी शुगर पाहून डॉक्टरांना विचारून द्यायचं असतं.

तीन रात्री झाल्या की डॉक्टरांकडे जाताना वही, ग्लुकोमीटर, सध्याची बाटली आणि तुम्ही वापरता ती सिरिंज, चारही सोबत न्या. बाटली ओल्या फडक्यात, बसच्या टपावरच्या पिशवीत नाही, मांडीवर. पोरीला उपाशी नेऊ नका. रोजचं इंजेक्शन, रोजचा नाश्ता करूनच निघा, आणि खिशात साखरेची पुडी असू द्या. यवतमाळचा रस्ता लांब आहे, रांग त्याहून लांब असते.